डॅनाईवर ॲसिड: रेम्ब्रांटच्या एका चित्राची बारा वर्षांची केस

१५ जून १९८५, शनिवार. गाव लेनिनग्राड, जागा हर्मिटाज म्युझियम, रेम्ब्रांटचं दालन. जून म्हणजे तिकडे पांढऱ्या रात्रींचा (रात्रीही पुरता अंधार होत नाही अशा) सीझन, टुरिस्टांची तोबा गर्दी. एक माणूस येतो, दालनात राखण करणाऱ्या बायकांना विचारतो की ह्या खोलीतलं सगळ्यात मौल्यवान चित्र कुठलं, मग कोटाआडून बाटली काढतो आणि थेट चित्राच्या मध्यावर रिकामी करतो. बाटलीत सल्फ्युरिक ॲसिड. रंगाला लगेच फोड यायला लागतात, रंग बदलायला लागतो आणि कोणी त्याला धरेपर्यंत तो खिशातला चाकू काढून कॅनव्हासवर दोन वारही करून मोकळा होतो.

ह्या माणसाचं नाव मी मुद्दाम लिहित नाहीये. इफिससचं देऊळ जाळणाऱ्या हेरोस्ट्रॅटसचं नावच कोणी घ्यायचं नाही असा दंडक ग्रीक लोकांनी घातला होता, तो काही पाळला गेला नाही हे वेगळं, पण विचार मला पटतो. एवढंच सांगतो की तो लिथुआनियाचा होता, वय ४८, त्याने कारण राजकीय असल्याचं सांगितलं, ऑगस्टमधे कोर्टाने त्याला मनोरुग्ण ठरवून इस्पितळात पाठवलं. त्याचा विषय इथे संपला. आपली केस चित्राची आहे.

चित्र म्हणजे रेम्ब्रांटची 'डॅनाई'. साधारण १८५ बाय २०३ सेंटीमीटर, म्हणजे उभ्या माणसाएवढं उंच आणि त्याहून थोडं रुंद. चित्रावर १६३६ साल आहे, तेव्हा रेम्ब्रांट तिशीचा, ॲमस्टरडॅममधे जोरात चाललेला, दोन वर्षांपूर्वीच सास्कियाशी लग्न झालेलं. हे कोणाच्या ऑर्डरचं काम असावं असं वाटत नाही, कारण वीस वर्षांनी १६५६ मधे त्याचं दिवाळं वाजलं आणि घरातल्या सामानाची यादी केली तेव्हा त्यात डॅनाईचं एक मोठं चित्र घरातच असल्याची नोंद आहे. विकलं नव्हतं किंवा विकलं गेलं नव्हतं, काहीही असेल. पुढे फिरत फिरत ते पॅरिसच्या क्रोझा कलेक्शनमधे गेलं आणि १७७२ मधे रशियाच्या कॅथरीन राणीने ते अख्खं कलेक्शनच उचललं, मध्यस्थी केली फ्रेंच लेखक दिदरोने. तेव्हापासून मुक्काम हर्मिटाज.

डॅनाईची गोष्ट ग्रीक पुराणातली, आपल्या लोकांना सांगायला सोपी आहे. आर्गोसचा राजा अक्रिसियस, त्याला भविष्य कळतं की तुझ्या मुलीचा मुलगा तुला मारणार, म्हणून तो मुलीला, म्हणजे डॅनाईला, ब्राँझच्या कोठडीत बंद करतो. कंस आठवला ना? पण इथे देवांचा राजा झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपाने आत येतो, तिला पर्सियस होतो, मग राजा मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडतो (हा भाग कर्णाचा), ती पेटी सेरिफॉस बेटाला लागते, आणि शेवटी खेळाच्या मैदानात पर्सियसने फेकलेली थाळी लागून म्हातारा मरतोच. चित्रकारांना ह्यातला फक्त सोन्याच्या पावसाचा क्षण पाहिजे असायचा. इटालियन चित्रकार टिशनने पलंगावरची डॅनाई आणि वरून पडणारी सोन्याची नाणी असं रंगवलं, म्हातारी दासी नाणी झेलायला धावतेय वगैरे, आणि ते इतकं गाजलं की पुढचे कित्येक जण तसंच करत राहिले.

रेम्ब्रांटने पाऊसच काढला नाही! नाणी नाहीत, थेंब नाहीत, फक्त डावीकडून येणारा पिवळसर उबदार उजेड. ती डाव्या कोपरावर रेललेली, उजवा हात वर उचललेला, तळवा उजेडाकडे, आता हा हात ये म्हणतोय की डोळ्यावरची तिरीप अडवतोय की नुसतं चकित झालाय हे तुम्ही ठरवा. मागे पडद्याआडून डोकावणारी म्हातारी, हातात किल्ल्या. पलंगाच्या डोक्याशी सोनेरी मदनाची मूर्ती, हात बांधलेले, चेहरा रडवेला. खाली जमिनीवर तिच्या सपाता पडल्यात. आणि ती स्वतः काही अप्सरा वगैरे नाही, पोट असलेली, गादीत रुतलेली, खरी बाई आहे. नाणी नसल्यामुळे ही डॅनाईच कशावरून, असा वाद बरीच वर्षं चालला, कोणी व्हीनस म्हणालं, कोणी बायबलमधल्या बायकांची नावं घेतली. १९३३ मधे कलेतिहासकार एर्विन पॅनोफ्स्कीने त्या बांधलेल्या मदनावर बोट ठेवलं, की हा कैदेत ठेवलेल्या कौमार्याचा मदन आहे, म्हणून ही डॅनाईच. तो वाद बहुतेकांच्या मते तिथे मिटला.

दुसरी एक गोष्ट आधीच कळलेली होती आणि ती ह्या केसमधे पुढे फार उपयोगी पडली. हल्ल्याच्या बरीच वर्षं आधी हर्मिटाजच्याच युरी कुझ्नेत्सोव्ह ह्यांनी ह्या चित्राचा एक्स-रे अभ्यास केला होता. त्यात दिसलं की आज दिसते ती डॅनाई ही पहिली डॅनाई नाही. खाली दुसरा चेहरा आहे, सास्कियाशी मिळताजुळता, नजर जास्त वर, हाताची ठेवण वेगळी, मांडीवर वस्त्र. १६४० च्या दशकात रेम्ब्रांटने स्वतःच चित्र पुन्हा हातात घेऊन मधला भाग बदलला. सास्किया १६४२ मधे गेली. त्यानंतर बाळाला सांभाळायला आलेली खेर्त्ये डिर्क्स त्याच्या आयुष्यात आली, आणि नवा चेहरा तिच्याकडे झुकतो असं बऱ्याच जणांना वाटतं. (ह्या खेर्त्येचं पुढे काय झालं ते वाचाल तर रेम्ब्रांटबद्दलचा आदर थोडा कमी होईल. लग्नाचं वचन मोडलं म्हणून तिने त्याला कोर्टात खेचलं, आणि नंतर ती खाउडाच्या सुधारगृहात कोंडली गेली, ह्यात त्याचा हात होता. कोठडीतल्या बाईचं चित्र काढणारा माणूस!)

आता त्या शनिवारकडे परत. पहिला प्रश्न साधा होता आणि उत्तर कोणाकडे तयार नव्हतं: ह्यावर पाणी मारायचं का?

बारावीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं की ॲसिडमधे पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, कारण सल्फ्युरिक ॲसिड पाण्याला भेटलं की भयंकर उष्णता निघते. दुसरं म्हणजे जुनं तैलचित्र आणि पाणी ह्यांचं मुळातच जमत नाही. कॅनव्हास म्हणजे तागासारख्या झाडाच्या धाग्याचं कापड, ओलं झालं की आकसतं, खालचा सरस फुगतो, आणि तीनशे वर्षं वाळून कडक झालेला रंगाचा थर ह्या ओढाताणीत पोपडे धरून सुटतो. म्हणजे पाणी मारलं तरी नुकसान. पण नाही मारलं तर? हे ॲसिड वाळून उडून जाणारं नाही, तेलासारखं दाट असतं, जिथे पडतं तिथे बसून राहतं आणि सेंद्रिय पदार्थातलं पाणी ओढून त्याचा कोळसा करतं. रंग बांधून ठेवणारं अळशीचं तेल सेंद्रिय, व्हार्निश सेंद्रिय, कापड सेंद्रिय. शिवाय त्या काळी अंगाच्या रंगात शिशाचा पांढरा भरपूर वापरायचे, तो म्हणजे लेड कार्बोनेट, त्यावर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस येतो, फोड येतात. ते फोड दिसले ते ह्यामुळेही असणार. आणि सोडा वगैरे टाकून ॲसिड मारू म्हटलं तर अल्कली तेलाचा साबण करते, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तेव्हाचे डायरेक्टर बोरिस पिओत्रोव्स्की. त्यांच्या लोकांनी शहरातल्या टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या केमिस्टना गाठलं आणि तिथून सल्ला आला की धुवा, भरपूर पाण्याने, आणि चित्र उभंच ठेवा. हे 'उभंच' फार महत्त्वाचं आहे. आपल्याला वाटेल की आडवं केलं तर बरं, ओघळणार नाही, पण आडव्यावर पातळ झालेलं ॲसिड तळ्यासारखं साचणार आणि कापडात मुरणार, उभ्यावर ते पाण्याबरोबर वाहून जातं. किंमत ही की वाहताना ते खालच्या चांगल्या भागावरूनही जातं. तपकिरी ओघळ पायांवरून, चादरीवरून खाली उतरले. संध्याकाळपर्यंत रिॲक्शन थांबली. मग सुटू पाहणारा रंग जागेवर धरून ठेवायला माशापासून केलेला सरस, त्यात मध घालून, लावला. मध कशाला? नुसता सरस वाळला की काचेसारखा कडक होऊन आकसतो आणि रंगाचा पोपडा खेचून काढतो, मधाने तो लवचीक राहतो. रशियन रेस्टोररांची ही जुनी पद्धत आहे.

तुलना म्हणून एक सांगतो. १९९० च्या एप्रिलमधे ॲमस्टरडॅमला रेम्ब्रांटच्याच 'नाइट वॉच'वर एकाने ॲसिड उडवलं. तिथे गार्डांनी जवळजवळ लगेच पाणी मारलं आणि ॲसिड व्हार्निशच्या थरातच अडलं, रंगापर्यंत गेलंच नाही. थोड्याच काळात चित्र पुन्हा भिंतीवर. अर्थात दोन्हीकडे ॲसिड किती आणि कसं पडलं ते वेगळं होतं, त्यामुळे सगळा फरक वेगाचा आहे असं म्हणणं बरोबर नाही, पण जर्मनीतल्या कॅसलच्या म्युझियममधे १९७७ साली रेम्ब्रांटच्याच चित्रांवर ॲसिडचा असाच हल्ला होऊन गेला होता, म्हणजे हा धोका १९८५ मधे नवीन नव्हता. दालनात पाणी कुठे आहे, निर्णय कोणी घ्यायचा, फोन कोणाला लावायचा, हे आधी ठरलेलं असलं तर जी काही मिनिटं वाचतात त्यात अर्धी केस असते. मला विचाराल तर हर्मिटाजवर टीका करायची असेल तर ती इथे आहे, पुढच्या बारा वर्षांत नाही.

नुकसानीचा हिशोब लागला तो असा: साधारण २७ टक्के रंगचित्र गेलं. ऐकायला वाटतं की मग पाऊणभाग तर शाबूत आहे. पण ते २७ टक्के कडेचे नव्हते. बाटली मध्यावर रिकामी झाली होती. चेहरा, केस, तो उचललेला उजवा हात, पाय. म्हणजे ज्याच्यासाठी माणूस चित्रासमोर थांबतो तेच नेमकं. पडदा, म्हातारी, मदन हे त्या मानाने वाचले. आणि पोटाशी चाकूचे चिरे. खरं सांगायचं तर ह्या केसमधे चाकू ही किरकोळ बाब होती, फाटलेलं कापड धागा धागा जुळवून सांधता येतं, 'नाइट वॉच'लाही १९७५ मधे चाकूचे मोठे वार झाले होते आणि ते बरं झालं. जळालेला रंग परत आणता येत नाही.

येवगेनी गेरासिमोव्ह ह्यांच्याकडे कामाची सूत्रं, सोबत अलेक्झांडर रखमान आणि गेन्नादी शिरोकोव्ह, शास्त्रीय तपासणी तात्याना आल्योशिना ह्यांच्याकडे. पहिला टप्पा दुरुस्तीचा नव्हताच, वाचवण्याचा होता. कापडात उरलेली आम्लता काढणं, पाण्याने हललेली जमीन (म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर) घट्ट बसवणं, मागे नवीन कापड लावून चित्राला आधार देणं. मग मायक्रोस्कोपखाली ओघळ काढणं. हे जरा डोळ्यासमोर आणा. ओघळ म्हणजे जळालेलं व्हार्निश, विरघळलेला रंग, वरच्या भागातली घाण, सगळं मिळून खालच्या रंगावर बसलेलं कवच. ते कणाकणाने उचलायचं, कारण त्याच्या खाली रेम्ब्रांटचा रंग जिवंत असू शकतो आणि बऱ्याच जागी तो होताही. एका बाजूला कोळसा, एका बाजूला १६३६ किंवा १६४० च्या दशकातला ब्रशचा फटका, आणि दोन्हीमधलं अंतर केसाएवढं. घाईत पुसून काढलं असतं तर २७ चे कितीतरी जास्त टक्के झाले असते.

मग खरा प्रश्न. जे गेलंय त्याचं काय करायचं?

समोर वाटा तीन होत्या. एक, काहीच करू नका, जखमी चित्र जखमीच दाखवा, ग्रीक पुतळे नाही का हातापायांशिवाय उभे असतात. दुसरी, जुने फोटो आहेत, एक्स-रे आहेत, कुशल चित्रकार आहेत, तर हुबेहूब पहिल्यासारखं रंगवून टाका, लोकांना फरक कळणारही नाही. तिसरी मधली: उरलंय ते रेम्ब्रांटचं, त्याला हात लावायचा नाही, आणि गेलेल्या जागा इतक्याच भरायच्या की डोळा अडखळणार नाही, आकृती वाचता येईल, पण आम्ही नवीन रेम्ब्रांट काढतोय असा आव नाही.

पुतळ्याचं उदाहरण इथे लागू पडत नाही असं माझं मत. हात तुटला तरी पुतळ्याचा दगड दगडच राहतो, उरलेलं शरीर तितकंच खरं. रेम्ब्रांटच्या ह्या चित्रात सगळं काम उजेडाचं आहे, डावीकडून येतो, हातावर पडतो, तिथून चेहऱ्यावर, पोटावर, मागे सरकत म्हातारीपर्यंत विझत जातो. मधे काळी भोकं राहिली तर शाबूत ७३ टक्क्यांचाही अर्थ लागत नाही, कारण उजेडाची साखळीच तुटते. म्हणून पहिली वाट बाद. दुसरी वाट लोकांना आवडली असती, सोव्हिएत सरकारलाही बहुधा, की बघा काही झालंच नाही. पण मग बघणाऱ्याला कळणार कसं की आपण कोणाचं बघतोय? आणि इथे तो एक्स-रेवाला भाग येतो. 'पहिल्यासारखं' म्हणजे कोणतं पहिलं? रेम्ब्रांटने स्वतःच एक डॅनाई पुसून तिच्यावर दुसरी रंगवलेली. हातासारख्या जागी वरचा थर जळून खालच्या पहिल्या हाताच्या खुणा वर आल्या तर त्या झाकायच्या की ठेवायच्या? फोटो बघून वरचं रंगवलं तर रेम्ब्रांटचा खरा हात विसाव्या शतकातल्या नकलेखाली गाडला जाणार. हा पेच पुस्तकी नाही, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या माणसाचा रोजचा आहे.

तिसरी वाट घेतली गेली. गेलेल्या जागी टोन जुळवून भरणी, मूळ रंगावर न चढता, आणि अशी की पुढे कोणाला काढावीशी वाटली तर काढता यावी. रंगांचे बारीक, सुटे टप्पे, ब्रशचा तो दणकट रेम्ब्रांटी जोश कुठेही उसना आणलेला नाही. त्यामुळे आज बारकाईने बघितलं तर अंगावर काही भाग थोडे सपाट, धुक्यातून बघितल्यासारखे वाटतात, आणि शेजारीच एखादा जुना फटका उठून दिसतो. काही लोकांना हे खुपतं. मला ते प्रामाणिक वाटतं. भरणी करणारा रेम्ब्रांटच्या तोडीचा व्हायला गेला की त्याच क्षणी तो खोटं बोलायला लागतो.

एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे हे सगळं चाललं तो काळ. काम सुरू झालं तेव्हा शहर लेनिनग्राड आणि देश सोव्हिएत युनियन. संपलं तेव्हा शहर सेंट पीटर्सबर्ग आणि देश रशिया. बोरिस पिओत्रोव्स्की १९९० मधे वारले, १९९२ पासून त्यांचा मुलगा मिखाइल डायरेक्टर झाला. रूबल कोसळला, दुकानं रिकामी, म्युझियमकडे पैशांची बोंब, आणि ह्या सगळ्यात तेच मोजके लोक त्याच एका चित्रासमोर बसून आहेत. 'बारा वर्षं लागली' असं कोणी नाक मुरडून म्हणालं की मला हे सांगावंसं वाटतं. शिवाय संथपणाचा फायदाही झाला, ओल्या कापडाला, नव्या सरसाला, नव्या आधाराला स्थिर व्हायला वर्षं लागतात, रंग भरायची घाई केली असती तर भरलेलंच उद्या फुटलं असतं.

ऑक्टोबर १९९७ मधे डॅनाई लोकांसमोर परत आली, तिच्या नशिबावरच्या खास प्रदर्शनात, काय झालं आणि काय केलं ते न लपवता. आता ती जाड सुरक्षा काचेमागे असते. काचेचा त्रास आहेच, समोरच्या खिडक्या आणि स्वतःचं तोंड दिसतं, थोडं डावी-उजवीकडे सरकून बघावं लागतं. पण सरकताना फायदा करून घ्या, तिरक्या कोनातून पृष्ठभागाचा पोत जास्त कळतो.

'हा आता रेम्ब्रांट राहिलाय का' ह्यावर वाद होतात आणि होत राहतील. माझं म्हणणं सरळ आहे: मदन, म्हातारी, पडदा, गादीचा बराच भाग, उजेडाची सगळी मांडणी त्याची आहे, अंगाचा काही भाग त्याचा आहे, आणि काही भागात आपण तो कसा असेल ह्याची सभ्य सूचना बघतो. हर्मिटाजला गेलात तर आधी लांबून बघा आणि मग जवळ जाऊन उचललेल्या हातापासून पायांपर्यंत नजर सावकाश खाली आणा, ओघळ कुठून कुठे गेले असतील ह्याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येतो. आणि त्या भागात जे भरलंय ते उद्याच्या रेस्टोररला पटलं नाही तर तो ते उतरवून पुन्हा करू शकतो, खालचा रेम्ब्रांट १९९७ मधे जेवढा होता तेवढाच त्याला मिळेल.